मसल स्पिंडल आणि गोल्जी टेंडन ऑर्गन: लांबी कोण मोजतं, ताण कोण?

स्नायूंची स्थिती मेरुरज्जूला कळवणाऱ्या या दोन संवेदकांची गल्लत हमखास होते. खरा फरक जागेचा आहे. मसल स्पिंडल स्नायूतंतूंना समांतर असतं, म्हणून त्याला लांबी आणि ती बदलण्याचा वेग कळतो. टेंडन ऑर्गन स्नायू आणि कंडरा (टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी) जुळतात तिथे, स्नायूच्याच ओळीत, एकापुढे एक असं असतं. त्याला कळतो ताण.

गुडघ्याच्या वाटीखाली हातोडीचा हलका ठोका बसला की मांडीचा पुढचा स्नायू क्षणभर ताणला जातो. स्पिंडलचा संदेश मेरुरज्जूत थेट अल्फा मोटर न्यूरॉनला (स्नायूला आकुंचनाचा आदेश देणाऱ्या चेतापेशीला) भिडतो, मध्ये एकच सायनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधला सांधा, आणि पाय उडतो. त्याच वेळी विरुद्ध स्नायूचे न्यूरॉन दबले जातात. मला सगळ्यात सुंदर वाटते ती पुढची सोय. स्नायू आकुंचन पावून आखूड झाला की स्पिंडल सैल पडून गप्प व्हायला हवं. पण गॅमा मोटर न्यूरॉन (खुद्द स्पिंडलला आदेश देणाऱ्या चेतापेशी) त्याची टोकं आकुंचित करून मधला भाग ताणलेला ठेवतात. म्हणून आखूड लांबीतही त्याची नजर शाबूत राहते.

टेंडन ऑर्गनचा संदेश मधल्या न्यूरॉनमार्फत जातो आणि एरवी त्याच स्नायूला आवर घालतो. पण त्याला नुसता अतिताणाचा पहारेकरी समजणं चूक आहे: हलका ताणही ते टिपतं, आणि मांजर चालत असताना त्याचा परिणाम उलटून उत्तेजक होतो.