विश्रामबाग: स्वतंत्र लेख की 'सांगली' लेखातला विभाग?

स्वतंत्र लेखाचा मोह होतो, कारण सांगली शहरातला विश्रामबाग हा भाग सगळ्यांच्या तोंडी आहे. पण विकिपीडियावर ओळखीचं असणं आणि उल्लेखनीय, म्हणजे स्वतंत्र लेखाला पात्र, असणं वेगळं. कायद्याने मान्य गावाला लेख सहसा मिळतो; शहरातल्या भागाला मात्र किमान दोन-तीन स्वतंत्र, विश्वसनीय संदर्भ लागतात, आणि तेही त्या भागाबद्दल सविस्तर लिहिणारे. फ्लॅटच्या जाहिराती, नकाशावरची खूण, 'विश्रामबाग येथे अपघात' अशी बातमी यातलं काहीच धरत नाही.

बहुतेक मसुदे इथेच फसतात. विलिंग्डन महाविद्यालय १९१९चं, विश्रामबागेतलं. त्यावर भरपूर लिहिता येतं. पण ती उल्लेखनीयता महाविद्यालयाची, परिसराला ती वारशाने मिळत नाही. संस्थांची नावं वगळून मसुदा वाचा. वसाहत कधी, कशी वाढली, याचे ससंदर्भ दोन परिच्छेद उरले, तर लेख जरूर करा. लोकसंख्या प्रभागाच्या आकड्यांवरून देऊ नका. प्रभागरचना बदलते, प्रभाग म्हणजे परिसर नव्हे.

विभाग केला तर चार ससंदर्भ ओळीही पुरतात. त्या नावाने शोधणारा वाचक थेट त्या विभागात पोचावा म्हणून 'विश्रामबाग, सांगली' नावाचं पान करून त्यात एवढंच लिहायचं:

#पुनर्निर्देशन [[सांगली#विश्रामबाग]]

# नंतरचं नाव विभागाच्या मथळ्याशी अक्षरशः जुळलं पाहिजे, नाहीतर वाचक लेखाच्या माथ्यावर पोचतो. पुढे संदर्भ जमले की याच पानावर लेख उभा करता येतो. म्हणून आज आमचं मत विभागाकडे. गावभाग या सांगलीच्या जुन्या भागाला मात्र शहराच्या इतिहासात संदर्भ मिळण्याची शक्यता जास्त, तिथे आधी वाचनालय गाठा.