कळमन्यातून बेनापोलपर्यंत: साडेतीन तारे, दीड तारा हिशेबापायी कापला

काटोल तालुक्यात सासऱ्यांच्या वेळची चार एकर संत्र्याची बाग आहे. मी राहते मानेवाड्यात, गणित शिकवून निवृत्त झालेय. यंदाच्या आंबिया बहाराचे, म्हणजे उन्हाळ्याआधी फुलून हिवाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या फळाचे, 180 कॅरेट बांगलादेशला पाठवून पाहावेत म्हटलं. कळमना बाजारालगत एक गाळा आहे. तोडणीपासून सीमेपलीकडच्या व्यापाऱ्यापर्यंत सगळं तेच बघतात. निर्यातीचा परवाना, रोगमुक्तीचा दाखला, बँकेतली एलसी म्हणजे पैशांची हमी, सगळं त्यांच्याच नावानं. आपण फक्त फळ द्यायचं.

आधी चांगलं सांगते. तोडणीची पोरं वेळेवर आली, देठ कात्रीनं कापले, ओढले नाहीत. धुणं, मेणाचा हात, आकारानुसार निवड हे मी स्वतः उभं राहून पाहिलं. चुरी, म्हणजे बारीक-डागी फळं, वेगळी काढली ती परत दिली, लपवली नाही. गाडी पेट्रापोलला, सीमेच्या आपल्या बाजूला, रांगेत दोन दिवस अडकली तर सकाळ-संध्याकाळ फोन आला, "बाई, गाडी उभी हाय जी, फळ चांगलं हाय." पलीकडे बांगलादेशातल्या बेनापोलला माल उतरवून तिकडच्या गाडीत चढवतात. फळाची खरी मारझोड तिथेच होते.

मग पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, आली आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

ठरताना तोंडी घट, म्हणजे वाटेत खराब होणाऱ्या मालाची कपात, सांगितली होती शेकडा चार. 180 ला सव्वासात कॅरेट होतात. पट्टीवर लिहिले होते 14. मी तिकडची उतराईची पावती मागितली. मुनीमजी म्हणाले, "बंगालीत आहे मॅडम, तुम्हाला समजणार नाही." म्हटलं, पाठवा तर खरी. तीन दिवसांनी व्हॉट्सॲपवर फोटो आला. धंतोलीतल्या माझ्या बंगाली मैत्रिणीनं चष्मा लावून वाचला: खराब आठ. सहा कॅरेटचे पैसे वाद न घालता परत मिळाले, हे नोंदवायलाच हवं. पण मागितले म्हणून मिळाले.

भावाचंही तेच. तिकडे काय भावानं विकलं, ते त्यांनी सांगायचं आणि आपण मानायचं. माझा दीर सोयाबीन लावतो. पूर्वी तो बाजारात जायच्या आधी मोबाईलवर एनसीडीईएक्स या शेतमालाच्या बाजारातला वायदा, म्हणजे पुढच्या महिन्यांसाठी ठरणारा भाव, पाहायचा, मग अडत्याशी बोलायचा. डिसेंबर 2021 मध्ये बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सोयाबीनसकट सात मालांचे वायदे थांबवले, तेव्हा डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखं झालं म्हणाला. कापसाला निदान एमसीएक्स या दुसऱ्या वायदेबाजाराचा आकडा असतो. संत्र्याला असा आधार कधी नव्हताच. कळमन्याचा हर्रास, म्हणजे लिलाव, हाच काय तो उघडा भाव, आणि तो इथला, ढाक्याचा नव्हे.

त्यात आयात शुल्क. बांगलादेशनं 2019 च्या सुमारास किलोला 20 रुपये लावलं होतं, ते 2023 पर्यंत 88 वर नेलं. वीस किलोच्या एका कॅरेटवर 1,760 रुपये! एवढ्यात इथे अख्खं कॅरेट विकत मिळावं. भरतो तिकडचा व्यापारी, पण तो आपल्या खिशातून थोडाच देणार, भाव पाडूनच मागतो. शिवाय हिवाळ्यात भूतानचा संत्राही त्याच बाजारात उतरतो. यात गाळ्याचा दोष नाही. पण त्या दिवशी शुल्क किती लागलं, विक्री कितीला झाली, या दोन ओळी पट्टीवर असत्या तर मी मुकाट्यानं पाच तारे दिले असते. विचारल्यावर उत्तर काय, तर "बाई, एवढं कोणी पाहत नाही."

सगळा खर्च वजा जाता हातात आलेली रक्कम त्याच आठवड्यातल्या कळमन्याच्या भावापेक्षा टनामागे थोडीच जास्त होती. तेवढ्यासाठी 27 दिवस थांबावं लागलं. इथे हर्रास झाला की पैसे आठवड्यात मिळतात.

जायचं असेल तर सकाळी अकराच्या आत जा, नंतर मुनीमजी हर्रासात असतात. घट लिहून घ्या. उतराईची पावती गाडी निघण्याआधीच मागून ठेवा. पुढच्या वर्षी अर्धा माल त्यांच्याकडे देणार आहे, अर्धा इथेच विकीन. परवा सहज फोन केला, पुढच्या खेपेला घट किती धराल विचारलं. "तुमच्यासाठी तीन, बाई." म्हटलं, कागदावर द्या. अजून आलेला नाही.