नव्या लॅपटॉपचं वायफाय सारखं तुटत होतं : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जूनच्या पहिल्या आठवड्यात घेतलेल्या लॅपटॉपबद्दल आता फेब्रुवारीत लिहिते आहे. मध्ये दोनदा लिहायला बसले होते, पण तेव्हा डोक्यात राग होता आणि खरं कारण हाती लागलं नव्हतं. आता लागलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

लॅपटॉप १४ इंची आहे. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११. कंपनीचं नाव देत नाही. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत वेगवेगळ्या कंपन्यांची वायफाय कार्डं निघू शकतात, त्यामुळे मला झालेला त्रास त्याच मॉडेलात तुम्हाला होईलच असं नाही. स्क्रीन चांगली, कीबोर्ड चांगला, बॅटरी माझ्या वापरात सहा तास सहज जाते. बाकी लिहायचं ते सगळं वायफायबद्दल.

मी गोव्यात म्हार्दोळला राहते आणि गाणं शिकवते. आमच्या या पट्ट्यात घरात तानपुरा असणं नवलाचं नाही, थोर गायिका केसरबाई केरकर इथल्याच केरीच्या. माझे निम्मे विद्यार्थी समोर बसून शिकतात आणि निम्मे ऑनलाइन, त्यातले दोघे आखातात. गाण्याच्या शिकवणीत लाइन अर्धा सेकंद अडखळली तरी सगळं विस्कटतं. बोलण्यातला एखादा शब्द गेला तर माणूस अंदाजाने समजून घेतो, आलाप मधेच तुटला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. समोरचं मूल दोनदा थांबतं, तिसऱ्यांदा त्याचा आवाजच लहान होतो. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

पहिल्या आठवड्यातच सुरू झालं. वायफायच्या कांड्या भरलेल्या, पण दर दहा-पंधरा मिनिटांनी चित्र गोठायचं. कधी झाकण बंद करून तासाभराने उघडलं तर वायफायचं चिन्हच गायब, त्या जागी पृथ्वीचा गोल. शिवाय विद्यार्थी म्हणायचे, बाई, तानपुरा येतो आणि जातो.

ही तानपुऱ्याची गोष्ट आधी सांगून टाकते, कारण तिने मला पंधरा दिवस चकवलं. तानपुरा जाण्याचा वायफायशी काहीएक संबंध नव्हता. व्हिडिओ कॉलच्या ॲपमध्ये मागचा आवाज दाबायची सोय आपोआप चालू असते. एकसारखा चालणारा षड्ज-पंचम तिला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ती तो पुसून टाकते. झूममध्ये संगीतवाल्यांसाठी 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय आहे, ती चालू केल्यावर तानपुरा स्थिर झाला. संगीत शिकवणाऱ्यांनी हे सगळ्यात आधी करावं. त्यानंतर जो खंड पडेल तोच खरा लाइनचा खंड, आणि अखंड चालणाऱ्या तानपुऱ्यात तो लगेच ऐकू येतो.

दुसरा संशय इंटरनेटवाल्यांवर घेतला. फोनवर मी जरा तावातावाने बोलले. एक मुलगा भर पावसात आला, फायबरच्या टोकाला मीटर लावला आणि मला आकडा दाखवला, उणे १९. तो उणे २७ च्या खाली गेला की चिंता करायची, म्हणाला. लाइन ठणठणीत होती. मी त्याची माफी मागितली.

जाताना त्या मुलाने जे शिकवलं ते मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे विंडोजला आज्ञा टाइप करून द्यायच्या, दोन खिडक्या उघडायच्या. पिंग ही आज्ञा समोरच्या पत्त्याला सारखी हाक मारते आणि उत्तर किती वेळात आलं ते दाखवते. पहिलीत इंग्रजीत पिंग, मोकळी जागा, राउटरचा पत्ता (आमच्याकडे १९२.१६८.१.१), मोकळी जागा आणि उणे टी. दुसरीत तेच, फक्त राउटरच्या पत्त्याऐवजी ८.८.८.८, म्हणजे गूगलचा सर्व्हर. दोन्ही शेजारी चालू ठेवायच्या. राउटरची खिडकी शांत आणि गूगलची अडखळते, तर दोष घराबाहेर. राउटरचीच अडखळली तर दोष घरात, मग कंपनीला फोन करून उपयोग नाही. माझ्याकडे राउटरचं उत्तर २-३ मिलिसेकंदांत यायचं, मधेच ८०० व्हायचं आणि मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'च्या चार-पाच ओळी. दोष घरातच होता.

घर जुनं. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, हातभर जाड भिंती, मध्ये राजांगण म्हणजे उघडा चौक, वर मंगळुरी कौलं. राउटर वसरीत, म्हणजे ओसरीवर, मीटरच्या बोर्डाजवळ, मी मागच्या खोलीत. राउटर दोन पट्ट्यांवर सिग्नल देतो, ५ आणि २.४ गीगाहर्ट्झ. ५ गीगाहर्ट्झचा पट्टा वेगवान खरा, पण भिंतीत लवकर दमतो. २.४ चा भिंतीतून जास्त आत येतो. चिरा सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी पितो, आणि ओल्या भिंतीत या लहरी जास्त शोषल्या जातात. जुलैत त्रास वाढला त्यात हाही वाटा असणार. राउटर मी राजांगणाकडच्या खिडकीत आणून ठेवला. आता तिथून माझ्या खोलीपर्यंत एकच भिंत आडवी येते. फरक त्याच दिवशी दिसला, पण तुटणं थांबलं नाही.

मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी आली. घरात एकवीस माणसं, राउटरवर चौदा-पंधरा फोन. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना भाचा जमिनीवर बसून मॅच बघत होता, नणंदेचा परदेशात व्हिडिओ कॉल चालला होता आणि कुणाचंही काही तुटत नव्हतं. मागच्या खोलीत माझा २०१७ चा जुना लॅपटॉप लावून पाहिला, तोही सुरळीत. फक्त नवाच तुटत होता. तेव्हा राउटरवरचा संशय मी सोडला.

लॅपटॉपला लॅनचं भोक नाही, म्हणून यूएसबीला लागणारा लॅन अडॅप्टर आणला आणि वायर लावून दोन दिवस शिकवलं. एकदाही खंड पडला नाही. म्हणजे मशीन ठीक, लाइन ठीक, राउटर ठीक, बिघाड लॅपटॉपच्या वायफायमध्ये. हा अडॅप्टर आजही बॅगेत असतो. परीक्षेच्या किंवा महत्त्वाच्या दिवशी वायरच लावावी असं माझं स्पष्ट मत आहे.

विंडोजचा एक अहवाल आहे जो फारसा कुणी सांगत नाही. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' ही आज्ञा द्यायची. गेल्या तीन दिवसांत वायफाय कधी जोडलं, कधी तुटलं आणि का तुटलं, याची तारीखवार यादी ब्राउझरमध्ये उघडता येते. माझ्या यादीत दोन गोष्टी पुन्हापुन्हा दिसल्या. लॅपटॉप ५ वरून २.४ वर आणि परत ५ वर उड्या मारत होता, आणि 'नेटवर्क ड्रायव्हरने तोडलं' असा शेरा होता. ड्रायव्हर म्हणजे विंडोजकडून कार्ड चालवून घेणारा छोटा प्रोग्राम.

उड्या थांबवायला राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली. हल्ली राउटर दोन्हींना एकच नाव देऊन कुणाला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतात. सिग्नलच्या काठावर बसलेल्या लॅपटॉपला ते जाचतं. ५ चा चॅनल, म्हणजे त्या पट्ट्यातली गल्ली, आपोआपवरून काढून ३६ वर कायम केला. ५२ ते १४४ हे चॅनल रडारशी वाटून घेतलेले असतात, रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनल सोडावाच लागतो. आमच्याकडे तसं झालं असं मी म्हणत नाही. पण पावसात वीज दिवसातून चारदा जाते, दरवेळी राउटर उठून नवा चॅनल शोधतो आणि त्या रडारवाल्या चॅनलांवर किमान मिनिटभर ऐकत थांबतो. २.४ ला २० मेगाहर्ट्झ रुंदी आणि १, ६, ११ यांतला शेजाऱ्यांपासून मोकळा असलेला चॅनल द्यावा, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएसही लावला.

ड्रायव्हरचं काम किचकट निघालं. विंडोज अपडेटने घातलेला ड्रायव्हर एक आणि लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर माझ्या मॉडेलसाठी ठेवलेला दुसरा. साइटवरचा घातल्यावर तुटणं दिवसातून वीस वेळांवरून तीन-चारवर आलं. पंधरा दिवसांनी अपडेटने पुन्हा आपला घातला, त्रास परत सुरू. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या गुणधर्मांत 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे, त्याने मागे आले. तिथेच पॉवरच्या टॅबमध्ये वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करायची परवानगी असते, ती खूण काढली. नव्या बऱ्याच लॅपटॉपांत हा टॅब दिसतच नाही, शोधत बसू नका. 'नेटवर्क रीसेट' करा असं सगळे सांगतात. मी तीनदा केलं, पासवर्ड तेवढे पुसले गेले.

बाहेरची हार्ड डिस्क हाही एक भागीदार निघाला. रेकॉर्डिंग तिच्यात ठेवते, ती यूएसबी ३ ची. ती चालू असताना बिनवायरीचा माउस अडखळायचा आणि २.४ वरचं वायफाय मंदावायचं. यूएसबी ३ मधून २.४ गीगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो, इंटेलने २०१२ मध्येच त्यावर टिपण काढलं होतं. डिस्कला लांब वायर लावून दूर ठेवली, माउसचं टोक दुसऱ्या बाजूला लावलं आणि तो त्रास गेला. ब्लूटूथ हेडफोन मात्र शिकवताना पूर्ण सोडले. ब्लूटूथ आणि वायफाय एकाच कार्डावर बसतात आणि २.४ मध्ये एकमेकांची जागा खातात. शिवाय ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो, ताल धरणं अशक्य.

ऑक्टोबरपर्यंत काम चालण्याजोगं झालं होतं. पण एक आकडा मनातून जात नव्हता. 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' या आज्ञेने सिग्नल टक्क्यांत दिसतो. त्याच टेबलावर, त्याच नावावर, जुना लॅपटॉप ८५ टक्के दाखवायचा आणि नवा ४८. नव्या यंत्राला जुन्यापेक्षा इतकं कमी ऐकू यावं, याला सेटिंग कारण असू शकत नाही. दोन्ही आकड्यांचे फोटो काढून वॉरंटीत तक्रार दिली. पहिल्यांदा फोनवर विंडोज नव्याने घाला म्हणाले. मी ठाम नाही म्हटलं, फोटो पुन्हा पाठवले आणि माणूस घरी पाठवा म्हणून सांगितलं. तीन आठवड्यांनी आला.

त्याने मागचं झाकण उघडलं तेव्हा मी टॉर्च धरून शेजारी उभी होते. वायफायचं कार्ड च्युइंगमच्या अर्ध्या पट्टीएवढं. स्क्रीनकडून बिजागरीतून दोन बारीक वायरी येतात, एक काळी, एक पांढरी, या लॅपटॉपच्या अँटेनाच्या वायरी. प्रत्येकीच्या टोकाला मोहरीएवढी सोनेरी टोपी. काळीची टोपी कार्डावर नीट बसली होती. पांढरीची शेजारी नुसती टेकलेली होती, झाकण हललं की लागायची, हललं की सुटायची. त्याने चिमट्याने ती जागेवर धरून प्लॅस्टिकच्या टोकाने दाबली. टक् असा लहानसा आवाज झाला. लॅपटॉप चालू केला, ८४ टक्के.

त्यानंतरच्या साडेतीन महिन्यांत शिकवताना लाइन मोजून दोनदा तुटली, दोन्ही वेळा इंटरनेटच गेलं होतं आणि पिंगच्या दोन खिडक्यांनी ते लगेच दाखवलं. झोपेतून उठल्यावर वायफाय गायब होणं मात्र महिन्यातून एखाद्या वेळी अजून होतं. डिव्हाइस मॅनेजरमधून कार्ड बंद करून चालू केलं की परत येतं.

हा लॅपटॉप घ्यावा का? माझं उत्तर हो. पण घेताना दुकानातच वायफाय कार्ड कुठलं आहे ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघा आणि ते मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेलं आहे की खाचेतलं, ते विचारा. खाचेतलं बदलता येतं, डाग दिलेलं बदलायचं तर बोर्डच. आणि पहिल्याच दिवशी जुन्या यंत्राच्या शेजारी ठेवून सिग्नलचे टक्के लिहून ठेवा. मी ते जूनमध्ये केलं असतं तर मुलांचा अख्खा पावसाळा वाया गेला नसता.

वॉरंटी जूनपर्यंत आहे. मेमध्ये एकदा झाकण उघडवून ती पांढरी वायर पुन्हा तपासून घेणार आहे.