प्राध्यापकांच्या बढतीची फाईल: पणजीतलं एक बाईंडिंगचं दुकान

कॉलेज शिक्षकांच्या 'कॅस' (करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम) बढतीच्या फायली इथे फार मनापासून बांधून देतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला वेतनाच्या लेव्हल 10 वरून 11 ला जायला पीएचडी असल्यास 4, एमफिल असल्यास 5, नाहीतर 6 वर्षांची सेवा लागते. इथे प्रत्येक वर्षाला वेगळा रंगीत कागद घालतात, त्यामुळे तपासणाऱ्याला पानं उलटत बसावं लागत नाही. डावीकडे दीड इंच समास मात्र आपणच सोडा, नाहीतर प्राचार्यांची सही शिवणीत जाते. पावसाळ्यात लोखंडी क्लिप गंजून कागदावर डाग पडतात, प्लास्टिकचीच मागा.

तासांची नोंदवही दुकानदार भरून देणार नाही, आणि देऊही नये. नेमलेल्यांपैकी 80 टक्के तास घेतले तरच अध्यापनाला 'चांगले' शेरा मिळतो. ती वही रोजच्या रोज भरा.