आलेकोको की कीकीआओला? काउआईवर मेनेहुनेंचं काम बघायचं तर

हवाईतल्या काउआई बेटावर दोन बांधकामं मेनेहुनेंच्या नावावर आहेत. मेनेहुने म्हणजे तिथल्या कथांमधले बुटके, रानात राहणारे कारागीर. काम रात्रीच करायचे आणि एका रात्रीत उरकायचे. उजाडलं की अर्धवट टाकून पसार. (अंबरनाथच्या देवळाबद्दल पांडवांची हीच गोष्ट सांगतात.) हाताशी अर्धाच दिवस असेल तर कुठे जावं?

आलेकोको सोयीचं. लिहुए गावाला लागूनच हुलेइआ नदीच्या वळणावर बांध घालून केलेलं हे मत्स्यतळं. भरतीबरोबर बोयीची पिलं दाराच्या फटींतून आत शिरायची, आत पोसायची आणि अंगाने भरली की त्याच फटींतून बाहेर पडता येत नसे. गोव्याच्या खाजणातली मानस, म्हणजे भरती-ओहोटीचं पाणी अडवणारं दार, पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. कथा तर झकास: राजपुत्राने आणि त्याच्या बहिणीने तळं मागितलं, अट एकच, काम चालू असताना बघायचं नाही. दोघांनी बघितलंच. त्यांचे झाले दगडी सुळके, आणि बांधात राहिल्या फटी. पण बहुतेक प्रवासी हे तळं वरच्या रस्त्यावरून, दुरूनच बघतात. जुना फोटो बघून जाऊ नका. काठावर माजलेली परकी खारफुटी स्थानिक संस्थेने उपटून काढली, २०२१ मध्ये तळं त्या संस्थेच्याच ताब्यात आलं, आता बांधाची रेघ स्वच्छ दिसते.

कीकीआओला बघून पहिल्यांदा हिरमोडच होईल. वाइमेआ गावात, रस्त्याच्या कडेला, गुडघ्याएवढी भिंत आणि मागे पाट. बस्स. १७९२ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी व्हँकुव्हरने इथे चोवीसेक फूट उंच भिंत पाहिल्याचं लिहिलंय. त्यातली बरीचशी आता रस्त्याखाली आहे. पण खाली वाका आणि दगड बघा. हवाईतले पाट एरवी नदीतले गोटे रचून केलेले. इथे बेसॉल्टचे घडीव चिरे, कडा तासलेल्या, काही ठिकाणी एका चिऱ्याला खाच पाडून त्यात दुसरा बसवलेला. हेमाडपंती पाहिलेला माणूस इथे थबकणारच. अळूच्या खाचरांना पाणी द्यायला एवढी घडाई कोणी केली? कथा म्हणते, ओला राजाने मेनेहुनेंकडून करून घेतली, मजुरी दर माणशी एक झिंगा. त्या मेजवानीचा गलका इतका, की पलीकडच्या ओआहू बेटावरचे पक्षी दचकून उडाले.

हे लोक खरे होते का, हा प्रश्न दोन्हीकडे मनात येणारच. हवाईच्या भाषेच्या नात्यातल्या ताहिती भाषेत ‘मानाहुने’ म्हणजे सामान्य रयत. त्यामुळे हलक्या दर्जाची माणसं कथेत उंचीनेही लहान झाली, असं काही अभ्यासक मानतात. मला हे पटतं.

मी कीकीआओलाच निवडेन. वाइमेआ कॅन्यन बघायला तुम्ही त्या गावातून जाणारच, दहा मिनिटांचं काम. शिवाय आलेकोकोचे दगड म्हणे माकावेलीहून, पंचवीस मैल रांग लावून, हातोहात आणले. माकावेली वाइमेआच्या जरा अलीकडे. लिहुएहून निघालात तर ती रांग तुम्ही उलट्या बाजूने पार करत असता.