फुकट बुद्धिबळ कट्ट्याची वर्गणी: साउंडबॉक्स, क्यूआर की बँकेची स्थायी सूचना?

बेळगावात बुद्धिबळाचा फुकट कट्टा चालवणाऱ्या मंडळाने खर्चापुरती ऐच्छिक वर्गणी कशी गोळा करावी, हा प्रश्न. आधी साउंडबॉक्सचं, म्हणजे यूपीआयवर पैसे आले की मोठ्याने सांगणाऱ्या डब्याचं बोलून घेऊ, कारण मंडळाच्या बैठकीत पहिली सूचना त्याचीच येते. किराणा दुकानात या डब्याला तोड नाही. मालकाचे हात तेलाचे, समोर चार गिऱ्हाईकं, अशा वेळी पैसे आल्याचं कानावर पडलं की काम झालं. बुद्धिबळाच्या खोलीत मात्र तो ठेवू नका. कुणीतरी घोडा उचलून हवेत धरलाय, घड्याळात दोन मिनिटं उरलीत, आणि कोपऱ्यातून आवाज येतो, 'दहा रुपये प्राप्त झाले'. डाव बिघडतो ते सोडाच, दहा देणाऱ्याची मान खाली जाते. शेजारच्याने पाचशे दिलेले मघाशीच सगळ्यांनी ऐकलेले असतात. ज्या कट्ट्यावर येणं फुकट आहे, तिथे कोण किती देतो हे खोलीला कळता कामा नये.

पैशाच्या हिशोबातही तो बसत नाही. भाडं महिन्याला शंभराच्या आसपास, आणि पैसे कमी आले म्हणून ते बहुधा माफ होत नाही. डब्याच्या आत स्वतःचं सिमकार्ड असतं. जांबोटी-कणकुंबीच्या पावसाळी जंगलपट्ट्यात जुलैत रेंज गेली की डबा गप्प, पण पैसे बँकेत पोचलेले असतात. आवाज आला नाही म्हणून माणूस पुन्हा स्कॅन करतो आणि वर्गणी दोनदा जाते. तरी ठेवायचाच असेल तर भाषा अॅपमधून मराठी करून घ्या, बसवणारा बरेचदा कन्नड किंवा इंग्रजीवर सोडून जातो. आमच्याकडून पाचपैकी दीड.

आता खर्च किती, ते बघू. टिळकवाडी किंवा शहापुरात गल्लीतली साधी खोली धरा: भाडं २,००० रुपये, हेस्कॉमचं विजेचं बिल ४००, घड्याळांचे सेल, हरवलेली प्यादी आणि फाटलेले पट यांची वर्षाची रक्कम बारांनी भागून ३००, कागद, बँक, झाडलोट ३००. महिन्याला ३,००० झाले. चहा यात धरू नका, चहाचे पैसे ज्याचे त्याने द्यावेत. चहा वर्गणीत शिरला की हिशोब कधीच जुळत नाही. खोली कुणाच्या घरातली असेल तर 'गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना) बिल शून्यच येतंय की' असं म्हणू नका. ती योजना घरगुती वापराला आहे आणि मोफत युनिट त्या घराच्या जुन्या सरासरीहून थोडीच जास्त, तीही २०० पर्यंत. तुमचे पंखे आणि ट्यूबलाइट त्या घरमालकाला हद्दीबाहेर ढकलतात. ते पैसे त्याला द्या.

भिंतीवरच्या क्यूआरला पाचपैकी तीन. यूपीआयवर घेणाऱ्याला आकार लागत नाही, म्हणून शंभरचे शंभर पोचतात. पण क्यूआर कुणाच्या नावाचा, हा खरा प्रश्न. बहुतेक कट्ट्यांवर खजिनदाराच्या स्वतःच्या बचत खात्याचा असतो आणि तिथेच पुढची भानगड सुरू होते. मंडळाचे पैसे त्याच्या पगारात मिसळतात. खजिनदार बदलला की जुना कोड भिंतीवर राहतो आणि लोक त्यालाच पैसे पाठवत राहतात. शिवाय कुठल्यातरी फसवणुकीच्या तक्रारीतले पैसे चार खाती फिरून त्याच्या खात्यात आले, तर बँक रक्कम अडकवते, कधी अख्खं खातंच गोठवते, आणि घरखर्चही थांबतो. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या उलाढालीवरून छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हापासून लोक क्यूआरला बिचकतात. कट्ट्याने त्यासाठी बिचकायचं कारण नाही, वर्षाला ३६,००० रुपये जीएसटी नोंदणीच्या मर्यादांच्या जवळपासही जात नाहीत. भीती बाळगायचीच तर मिसळलेल्या खात्याची बाळगा.

क्यूआर लावायचाच तर असा लावा. कोडची रुंदी १० सेंटिमीटर, म्हणजे मीटरभर अंतरावरून स्कॅन होतो. लॅमिनेशन चकचकीत नको, मॅट घ्या, नाहीतर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा नेमका कोडावर पडतो आणि माणूस फोन वाकडातिकडा करत बसतो. खाली खातेदाराचं नाव मोठ्या अक्षरात, फोनवर तेच नाव दिसलं तरच पिन टाका, असं लिहा. कुणी वरून दुसरा कोड चिकटवला तर एवढ्यानेच पकडला जातो. रक्कम आधीच भरलेला कोड करू नका, विद्यार्थ्याला वीस द्यायचे असतात.

ऑटोपेचं, म्हणजे यूपीआयवरून ठरलेली रक्कम आपोआप कापली जाण्याचं कौतुक फार ऐकू येतं. देणारा एकदाच मंजुरी देतो, पैसे जायच्या २४ तास आधी त्याला सूचना येते, १५,००० रुपयांपर्यंत दरवेळी पिन लागत नाही. पण घेणारा नोंदलेला व्यापारी किंवा संस्था लागते आणि मध्ये पेमेंट गेटवे, म्हणजे पैसे पोचवणारी मधली कंपनी येते. त्यांचा सर्वसाधारण दर २ टक्के, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे शंभरातून २ रुपये ३६ पैसे गेले. काही ठिकाणी ऑटोपेचा आकार वेगळा. केवायसीत, म्हणजे कागदपत्रांच्या पडताळणीत, बेळगावकरांची हमखास अडचण नावाची होते: संस्थेच्या नोंदणीवर 'बेळगाम', पॅनवर 'बेळगावी', पासबुकावर तिसरंच. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, त्याआधीची नोंदणी असेल तर आधी कागद एकसारखे करा, मगच अर्ज. दोनशे देणगीदार असतील तर ऑटोपे, तीस असतील तर उगाच डोकेदुखी. अडीच.

साडेचार मिळतात ते बँकेच्या जुन्या स्थायी सूचनेला. नेटबँकिंगमधून मंडळाचं खातं लाभार्थी म्हणून जोडायचं आणि दर महिन्याला १०० रुपये आपोआप पाठवायचे, बारा महिन्यांसाठी. मध्ये गेटवे नाही, बऱ्याच बँका आकारही घेत नाहीत. तारीख मात्र १ ठेवू नका. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पगार ७ तारखेपर्यंत होतो, १ तारखेला खात्यात शिल्लक नसते, सूचना फेल होते आणि माणसाला वाटतं पैसे मंडळाला पोचले. १० तारीख ठेवा. तीस जणांनी होकार दिला तर वीस जणांचेच नियमित येतील असं धरून चाला. उरलेलं दिवाळीच्या स्पर्धेच्या वेळी एकदा मागून घ्या आणि तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे ९,००० रुपये, नेहमी शिल्लक ठेवा. अर्धा गुण कापला तो वर्ष संपलं की पुन्हा तीस जणांच्या मागे लागावं लागतं म्हणून.

यासाठी मंडळाच्या नावाचं खातं हवं. कर्नाटक सोसायटीज नोंदणी कायदा, १९६० खाली सात सभासद जमले की नोंदणी करता येते, नंतर दरवर्षी कार्यकारिणीची यादी आणि ताळेबंद भरावा लागतो. तोवर दोघांचं संयुक्त खातं चालेल. मात्र दोघांच्या सहीनेच चालणाऱ्या खात्यावर यूपीआय सहसा मिळत नाही, खातं उघडतानाच बँकेत विचारून घ्या. वर्गणी गोळा करायला दोन सह्यांचं खातं उत्तमच, स्थायी सूचनेचे पैसे त्यात बिनदिक्कत येतात. फक्त त्यावर क्यूआर मिळेलच असं नाही.

परदेशातून कुणी पाठवतो म्हणाला तर पासपोर्ट विचारा. दुबईतला भारतीय नागरिक स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देतो, ते चालतं. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या काकांचे पैसे एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या, परवानगीशिवाय घेऊ नका, मग ते आपल्याच गल्लीत वाढलेले का असेनात. महाराष्ट्रातल्या चंदगड किंवा शिनोळीहून खेळायला येणाऱ्यांना यातलं काहीच लागू नाही, राज्याची सीमा बँकेला दिसत नाही.

पावतीबुक मात्र सोडू नका. कार्बनचं, शंभर पानांचं, वर मंडळाचं नाव मराठीत आणि कन्नडमध्ये. ऑनलाइन व्यवहाराला क्रमांक असतो (यूपीआयचा १२ आकडी), त्यातले शेवटचे चार पावतीवर लिहा. महिन्याअखेरीस पासबुक आणि पावतीबुक शेजारी ठेवलं की वीस मिनिटांत जुळणी होते. जुळणी झालेला जमाखर्च भिंतीवर लावा, त्यात एकूण रक्कम लिहा, नावं लिहू नका.