रेसिंग गाड्यांच्या पोस्टाच्या तिकिटांत मला फसवलं, जमवणाऱ्यांनी वाचाच

सीलबंद अल्बममधली तिकिटं कुणी विकायला लागला तर घेऊ नका, तो कितीही गोड मराठीत बोलू दे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडं जे कोण पोस्टाची तिकिटं जमवतात त्या सगळ्यांसाठी लिहितोय, कारण हा माणूस आपल्याच भागातली गिऱ्हाईकं शोधायलाय.

मी उद्यमबागेत मशीन शॉपला आहे, दिवसभर क्रँकशाफ्ट हातात असतात, त्यातनं रेसिंग इंजिनांचा नाद लागला आणि मग रेसिंगच्या तिकिटांचा. अख्खा इतिहास तिकिटांवर आहे ओ. मोनॅकोनं 1967 ला त्यांच्या 25व्या ग्रां प्रीसाठी जुन्या गाड्यांचा सेट काढला, ब्रिटनच्या रॉयल मेलनं 2007 मध्ये सहा तिकिटं काढली त्यात स्टर्लिंग मॉसची व्हॅनवॉल, जिम क्लार्कची लोटस, जॅकी स्टुअर्टची टायरेल, बघतच बसावं असली. ब्राझीलचा रेसर आयर्टन सेना 1 मे 1994 ला इमोलाच्या रेसमधल्या अपघातात वारला, त्याच वर्षी ब्राझीलनं त्याच्यावर तिकिटं काढली, ती मला बरीच वर्षं हवी होती.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर मी हे विचारलं आणि थोड्या वेळात एकाचा पर्सनल मेसेज आला, माझ्याकडं सेना पण आहे, जुना रेसर फँजिओ पण आहे, पूर्ण रेसिंग अल्बमच आहे, फक्त 500 काढलेत. फोनवर बोलणं इतकं आपुलकीचं की काय सांगू. "दादा, तुम्ही सीमाभागातली माणसं, एवढं सोसून मराठी टिकवलंय, तुमच्याकडनं काय नफा काढायचा?" हे वाक्य मला अजून टोचतं. पैशापेक्षा त्याचाच राग जास्त आहे. 11,500 रुपये यूपीआयनं घेतले, पार्सल आल्यावर पैसे देतो म्हटलं तर इतक्या किमती मालाला ते चालत नाही म्हणाला.

पार्सल आलं, निळ्या रेक्झिनचा अल्बम, प्रत्येक शीट प्लास्टिकमध्ये बंद, वर होलोग्राम, सोबत सर्टिफिकेट, आणि ठळक सूचना की सील तोडलं तर किंमत निम्मी होईल. सगळी मेख ह्या सीलमध्येच आहे. तिकीट खरं का खोटं हे मागचा डिंक, कागद, परफोरेशन म्हणजे कडेची भोकं, छपाई बघून कळतं आणि नेमकं तेच बघायला मिळू नये म्हणून ते सील.

मी प्लास्टिकवरनंच भिंग लावलं. एका शीटवर नाव जिम क्लार्क आणि खाली लाल फेरारी, घोड्याच्या चिन्हासकट! क्लार्क फॉर्म्युला वनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत लोटसच चालवत होता, कुठलं पोस्ट खातं असली तिकिटं काढेल? त्याला फोन केला तर म्हणतो, दादा, ते एरर स्टॅम्प आहे, म्हणजे छापताना चुकलेलं दुर्मिळ तिकीट, तुमचं नशीब, आपल्या 1854 च्या चार आण्याच्या उलट्या डोक्याच्या राणीसारखं, अजून तीन हजार पाठवा, एररचं वेगळं सर्टिफिकेट देतो. ती राणी छापताना चुकून उलटी पडली, हे तर कुणीतरी कॉम्प्युटरवर नेटवरचे फोटो चिकटवून केलेलं काम. मी सील कापलं. मागं डिंकाचा पत्ताच नाही, साधा चकचकीत कागद, आणि भिंगाखाली सगळीकडं प्रिंटरचे ठिपके. शीटवर आफ्रिकेतल्या एका देशाचं नाव होतं, त्या बिचाऱ्या देशाला पत्ताही नसेल. असल्या बेकायदा तिकिटांबद्दल त्या त्या देशांची पोस्ट खाती बर्नच्या युनिव्हर्सल पोस्टल युनियनला कळवतात आणि तिकडनं सर्क्युलर निघतं. 2002 पासूनच्या अधिकृत तिकिटांची डब्ल्यूएनएस नावाची यादी ऑनलाइन फुकट बघता येते, प्रत्येक तिकिटाला नंबर असतो. सगळे देश त्यात नाहीत, पण पैसे पाठवायच्या आधी तिथं शोधाच.

अल्बमच्या शेवटी अजमान आणि उम्म अल कुवेनच्या रेसिंग कार होत्या, त्या तेवढ्या खऱ्या. पण यूएई 1971 च्या डिसेंबरात झालं, त्याच्या आधीच्या काही वर्षांत ह्या अमिरातींच्या नावानं एजंटांनी जमवणाऱ्यांसाठीच ढिगानं तिकिटं छापली, त्यातली बरीचशी छापतानाच शिक्का मारून विकली, म्हणून शिक्का कोपऱ्यात एकदम नीटनेटका आणि मागं डिंक जसाच्या तसा. असली तिकिटं अगदी किरकोळ भावात मिळतात, ह्यानं ती "दुर्मिळ अरब रेसिंग" म्हणून लावली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला ब्लॉक केलं. मी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली, सीईएन म्हणजे सायबर गुन्ह्यांच्या पोलीस ठाण्यात अर्ज दिला, अर्ज कन्नडमध्ये शेजारच्या अण्णांनी लिहून दिला आणि चॅट मराठीत होतं तर त्याचा मजकूर पण त्यांनीच बसून पोलिसांना समजावून सांगितला, त्यांचे उपकार आहेत. पैसे अजून आलेले नाहीत. 1930 ला जितक्या लवकर कळवाल तितकं बरं, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता येतात, म्हणून यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा आणि चॅट डिलीट करू नका.

मागच्या आठवड्यात निपाणीच्या एका कॉलेजच्या पोरानं मला अल्बमचा फोटो पाठवून विचारलं, काका, घेऊ का? तोच निळा अल्बम, नंबर आणि नाव नवीन, भाव 9,000. त्याला थांबवलंय. कुणाला हा फोटो आला तर क्लार्कच्या नावाखालची गाडी बघा, फेरारी असेल तर तो नंबर मला पाठवा, चालू तक्रारीत जोडायचा आहे.